सरळ पळतो, वळताना बंद पडतो: स्पर्धेच्या रोबोसाठी ड्राइव्ह कसा निवडावा

उचलून धरला तर चारही चाकं सुसाट फिरतात. जमिनीवर सरळ सोडला तर रोबो छान पळतो. पण जागच्या जागी वळवायला गेलं की तो थरथरतो, हिसके देतो, कधी नुसता गुरगुरत उभा राहतो. सामन्याचं पहिलं मिनिट कसंबसं निभावतं. दुसऱ्या मिनिटात एक बाजू मंदावते, आणि ऐन शेवटी कंट्रोलर रीसेट होऊन सगळंच थांबतं. सामना संपल्यावर मोटरला बोट लावलं तर चटका बसतो.

विद्यार्थी संघांबरोबर काम करताना ही तक्रार मी जवळपास दर हंगामात ऐकतो, आणि तिच्यावरचा उपायही दर वेळी तोच निघतो: "मोटर कमी पडतेय, पुढच्या वर्षी मेकॅनम लावू." पुढच्या वर्षी मेकॅनम (तिरप्या रोलरची, रोबोला आडवंही सरकू देणारी चाकं) येतं, ते नीट चालवायला शिकण्यात महिना जातो, आणि बाद फेरीत रोबो पुन्हा मैदानाच्या मधोमध उभा. मुलांचे चेहरे तेव्हा बघवत नाहीत. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. ड्राइव्ह, म्हणजे रोबोला पळवणारी चाकं, मोटर आणि गिअरची जुळणी, बदलण्याआधी आताचा ड्राइव्ह नेमका कुठे दम तोडतोय ते शोधायला हवं. ते न शोधता चाकं बदलली तर जुनं दुखणं नव्या चाकांबरोबर पुढच्या हंगामात येतं.

आधी तीन चाचण्या

पहिली चाचणी वीज बंद ठेवून. रोबो ठोकळ्यांवर ठेवा, चाकं अधांतरी राहू द्या आणि प्रत्येक चाक हाताने फिरवा. गिअर मोटर उलटी फिरवायला थोडी जड लागतेच, पण चारही चाकं सारखीच जड लागली पाहिजेत. एखादं जास्त अडत असेल, किंवा एका फेऱ्यात एकाच जागी अडकत असेल, तर तिथे शाफ्ट वाकलाय, बेअरिंग तिरकं बसलंय किंवा साखळी जास्त ताणली गेलीय.

दुसरी चाचणी वळण्याची. स्पर्धेच्या मॅटवर रोबो जागच्या जागी गोल फिरवा, मग गुळगुळीत फरशीवर तसाच फिरवा. फरशीवर सहज फिरतो आणि मॅटवर हिसके देतो, असं असेल तर मोटरला दोष देऊ नका. चाकं आडवी घासली जात आहेत.

तिसरी चाचणी भिंतीची. रोबोचं नाक भिंतीला टेकवून पूर्ण जोर द्या, पण एक-दोन सेकंदच. चाकं जागेवर घसरत फिरली तर निदान चाकं घसरवण्याइतकी ताकद आहे. चाकं थांबली आणि मोटर नुसती घुमत राहिली, तर रोबो वेगासाठी जुळवलाय आणि त्याला ढकलण्याची ताकद उरलेली नाही. जास्त वेळ दाबून धरू नका. थांबलेल्या मोटरमध्ये गेलेल्या सगळ्या विजेची उष्णता होते.

या तीन चाचण्यांना पंधरा मिनिटं लागतात. तरी बहुतेक संघ त्या करत नाहीत आणि थेट नव्या मोटरची यादी करायला बसतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

वळणं म्हणजे भिंत ढकलणं

ज्या रोबोत चाकं वळत नाहीत, फक्त डावी आणि उजवी बाजू वेगवेगळ्या वेगाने फिरते, त्याला आपण टँक ड्राइव्ह म्हणतो. असा रोबो जागच्या जागी फिरताना कोपऱ्यातली चाकं नुसती पुढे-मागे जात नाहीत, ती आडवीही सरकतात. रबराचं चाक आडवं सरकायला तयार नसतं. त्याला ओढायचं काम मोटरलाच करावं लागतं.

याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ही लांबी, डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर ही रुंदी. चाकाची पकड सगळ्या दिशांना सारखी असेल आणि वजन चारही चाकांवर सारखं असेल, तर सहज वळण्यासाठी रुंदी लांबीपेक्षा जास्त हवी. लांबी ३६ सेंमी आणि रुंदी ३० सेंमी असा लांबट रोबो वळतो, पण चाकं सुटत-पकडत वळतो, आणि तेच आपल्याला हिसके म्हणून दिसतं. चौरस रोबोही काठावरच असतो. म्हणजे प्रत्येक वळणाला चाकं घसरण्याच्या टोकाशी जातात, आणि मोटरच्या दृष्टीने एक वळण आणि भिंतीला दिलेला एक धक्का यांत फार फरक राहत नाही. सामन्यात आपण भिंत क्वचित ढकलतो. वळतो मात्र शेकडो वेळा.

नवीन मोटर न घेता यावर तीन उपाय आहेत.

सहा चाकं लावा आणि मधली जोडी २-३ मिमी खाली ठेवा. रोबो एका वेळी मधल्या आणि पुढच्या, किंवा मधल्या आणि मागच्या चाकांवर उभा राहतो. लांबी निम्मी होते. वरच्या उदाहरणात ३६ ची १८ सेंमी. फरक लगेच जाणवतो. मॅट मऊ फोमचा असेल तर चाकं त्यात रुततात, म्हणून खाली ठेवण्याचं अंतर थोडं वाढवावं लागतं, आणि ते त्याच मॅटवर तपासून ठरवावं.

दुसरा उपाय आणखी सोपा: चारपैकी एका टोकाची दोन चाकं ओम्नी करा. ओम्नी चाकाच्या परिघावर छोटे रोलर असतात, त्यामुळे ते आडवं विनासायास सरकतं. रोबो मग उरलेल्या दोन रबरी चाकांच्या मधल्या बिंदूभोवती फिरतो आणि घासणं जवळजवळ संपतं. चालवणाऱ्याला एवढंच ध्यानात ठेवावं लागतं की फिरण्याचा मध्य आता रोबोच्या पोटात नसून एका टोकाला आहे. एका दुपारच्या सरावात हाताला सवय होते.

तिसरा उपाय म्हणजे चेसिसच आखूड आणि रुंद करणं. तो कागदावर असतानाच करता येतो, म्हणून हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच हा हिशेब मांडा.

गिअरचं गुणोत्तर: इथेच सगळ्यात जास्त चुकतं

गुणोत्तर म्हणजे गिअरने मोटरचा वेग किती कमी करून ताकद वाढवली ते. समजा रोबो १५ किलोचा आहे, ९६ मिमी व्यासाची चार चाकं आहेत, चारही चाकांना स्वतंत्र मोटर आहे आणि मॅटवरचा घर्षणांक १ धरला. रोबोचं वजन सुमारे १४७ न्यूटन, प्रत्येक चाकावर सुमारे ३७. चाकाची त्रिज्या ०.०४८ मीटर. म्हणजे चाक घसरवायला साधारण १.८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो.

आता १२ व्होल्टची अशी गिअर मोटर घ्या जी मोकळी असताना ३०० आरपीएमने फिरते, पूर्ण अडवल्यावर २.४ न्यूटन-मीटर देते आणि तेव्हा ९ अँपिअर खेचते. घसरण्याच्या टोकाला या मोटरला आपल्या कमाल टॉर्कचा जवळपास तीन चतुर्थांश भाग द्यावा लागतो. प्रवाहही त्याच प्रमाणात, साडेसहा-पावणेसात अँपिअर. चार मोटरचे मिळून सुमारे २७ अँपिअर. फर्स्ट टेक चॅलेंज या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतल्या रोबोत बॅटरीच्या तारेवर २० अँपिअरचा फ्यूज असतो. फ्यूज अशा प्रवाहाला लगेच उडत नाही, थोडा वेळ सहन करतो, आणि म्हणूनच सरावात सगळं ठीक दिसतं. जोरदार सामन्यात सतत वळणं आली की तो जातो.

तीच मोटर २०० आरपीएमच्या गिअरबॉक्ससह घ्या. टॉर्क ३.६ न्यूटन-मीटर, अडवल्यावरचा प्रवाह तोच ९. आता घसरण्यासाठी निम्माच टॉर्क लागतो, एका मोटरला साडेचार अँपिअर, चौघींचे १८. तारेतली आणि मोटरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पहिल्या मोटरमध्ये दुसरीच्या सव्वादोन पट उष्णता तयार होते. गमावलं काय? मोकळा वेग सेकंदाला दीड मीटरवरून एक मीटरवर आला. मैदान १२ फूट बाय १२ फूट, म्हणजे एक बाजू ३.६६ मीटर. इतक्या जागेत रोबो पूर्ण वेगाला पोचतो आणि लगेच थांबायची वेळ येते. मंद रोबो लवकर वेग पकडतो, वळणावर अडत नाही, आणि चालवणाऱ्याच्या हातात राहतो. गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकद या हिशेबात धरलेली नाही. ती धरली तर वेगवान मोटरची अवस्था आणखी बिघडते.

माझा नियम असा: चाक घसरवायला लागणारा टॉर्क मोटरच्या अडवलेल्या टॉर्कच्या निम्म्याहून जास्त नको. रोबोचं वजन धरताना हात, वस्तू पकडणारी यंत्रणा, बॅटरी सगळं धरा. नुसत्या चेसिसवर केलेला हिशेब हंगामाच्या शेवटी खोटा ठरतो, कारण रोबोचं वजन दर आठवड्याला वाढतच जातं.

व्हेक्स या रोबो-किटच्या व्ही-५ मोटर वापरणाऱ्यांना हेच दुखणं वेगळ्या रूपात दिसतं. त्या मोटरमध्ये १००, २०० आणि ६०० आरपीएमची गिअर कार्ट्रिज बदलता येतात. ५५ अंश सेल्सिअसला मोटर स्वतःच प्रवाह निम्म्यावर आणते, आणि तापमान आणखी वाढत गेलं तर टप्प्याटप्प्याने ७० अंशांना पूर्ण बंद होते. "दुसऱ्या मिनिटात एक बाजू मंदावते" याचं कारण अनेकदा इतकंच असतं. हातातल्या कंट्रोलरच्या पडद्यावर मोटरचं तापमान दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहून घ्या. अंदाज बांधण्याची गरजच उरत नाही.

मोठ्या रोबोंत, फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनसारख्या स्पर्धांत, फ्यूजऐवजी व्होल्टेज दगा देतं. बॅटरी आणि तारांचा मिळून अंतर्गत रोध ०.०२ ओहम धरला, आणि सगळ्या मोटरनी मिळून २५० अँपिअर खेचले, तर ५ व्होल्ट तिथेच खर्च होतात. साडेबारा व्होल्टची बॅटरी साडेसातवर येते. बॅटरी जुनी असेल किंवा टर्मिनलचा बोल्ट ढिला असेल, तर त्याहूनही खाली. मग कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी मोटर तोडतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं प्रोग्राम अडकला. अशा वेळी सॉफ्टवेअरमधून प्रत्येक मोटरला प्रवाहाची मर्यादा घाला आणि जोर एकदम न देता थोडा थोडा वाढवा. पण आधी टर्मिनल हलवून बघा. ढिला बोल्ट हे कारण कितीदा निघतं, याची कल्पना येणार नाही.

यांत्रिक दोष, जे प्रोग्रामने झाकले जातात

रोबो एका बाजूला ओढत असेल तर मुलं लगेच एन्कोडर (चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर) आणि पीआयडी (चूक मोजून मोटरचा जोर आपोआप सुधारणारा प्रोग्राम) लावून तो सरळ करतात. रोबो सरळ जातो खरा, पण अडणाऱ्या बाजूची मोटर आता आणखी जोर लावत असते आणि आणखी तापते. पीआयडी जरूर वापरा. पण तो बंद असतानाही रोबो दोन-तीन मीटर बऱ्यापैकी सरळ गेला पाहिजे. तोवर प्रोग्रामला हात लावू नका.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष म्हणजे ग्रब स्क्रू. चाकाचा हब शाफ्टवर एका बारीक ग्रब स्क्रूने धरलेला असतो, रोबो दर सेकंदाला दिशा बदलत असतो, आणि तो स्क्रू ढिला होतो. मोटर फिरते, एन्कोडर आकडे मोजतो, चाक मात्र मागे राहतं. हब आणि शाफ्ट या दोहोंवरून जाणारी एक सरळ रेघ मार्करने मारून ठेवा. सामन्यानंतर रेघ तुटलेली दिसली तर हब सरकलाय. शक्य तिथे षटकोनी शाफ्ट किंवा आवळून बसणारा क्लॅम्प हब वापरा. गोल शाफ्टवर ग्रब स्क्रू हा कायमचा उपाय कधीच नसतो. निदान शाफ्टला एक सपाट बाजू हवी आणि स्क्रू बरोबर तिच्यावर बसायला हवा. निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावा, पण पॉलिकार्बोनेटच्या भागांपासून लांब ठेवा, त्याने ते प्लास्टिक तडकतं.

दुसरा दोष लटकतं चाक. चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आहे आणि बाहेरच्या बाजूला आधार नाही, तर प्रत्येक धडकेचा मार गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर बसतो. रोबो समोरून पाहा. चाकं वरून आत आणि खालून बाहेर झुकलेली दिसली तर नुकसान सुरू झालंय. शाफ्टला दोन्ही बाजूंनी बेअरिंगचा आधार द्या आणि मोटरची ताकद साखळीने किंवा बेल्टने आणा. मग चाकाला बसलेला धक्का चेसिस घेते, मोटर वाचते.

साखळी की बेल्ट, हा वाद मी फार वाढवत नाही. दात असलेला बेल्ट हलका आणि शांत, पण दोन पुलींमधलं अंतर अचूक लागतं. ढिला असला तर जोरात दिशा बदलताना दात सुटल्याची टकटक ऐकू येते. साखळी थोडीफार चूक सहन करते, फक्त ती नवी असताना लांबते, म्हणून ताण देण्याची सोय आधीच ठेवा आणि जोडणाऱ्या कडीवर लक्ष ठेवा. ज्यांच्याकडे अचूक भोकं पाडण्याची सोय नाही त्यांनी साखळी घ्यावी.

आणखी एक रीसेट होतो, ज्याचा ड्राइव्हशी संबंध फक्त अप्रत्यक्ष असतो. कोरड्या हवेत फोमच्या मॅटवर धावताना रोबोवर स्थिर वीज साठते, आणि तो मैदानाच्या धातूच्या भागाला टेकला की ती झटक्यात उतरते. जोर लावताना रीसेट होत असेल तर बॅटरी आणि तारा बघा. कशाला तरी टेकताच होत असेल तर स्थिर वीज, किंवा धक्क्याने निसटणारा कनेक्टर. तारा कनेक्टरजवळच चेसिसला बांधा, म्हणजे ओढ कनेक्टरवर येणार नाही.

मग निवडायचं काय?

मेकॅनमबद्दल आधी, कारण सगळे तेच विचारतात. स्वीडनच्या बेंग्ट इलॉन या अभियंत्याने १९७० च्या दशकात आणलेली ही कल्पना फार सुंदर आहे: चाकावर ४५ अंशांत बसवलेले रोलर, आणि चारही चाकं वेगवेगळी फिरवून रोबो हवा तिकडे सरकतो, तोंड न वळवता. पण रोलर फक्त आपल्या आसाच्या दिशेने जोर धरू शकतो. त्यामुळे पुढे ढकलण्याची पकड त्याच रबराच्या साध्या चाकाच्या साधारण ७० टक्केच मिळते. समोरचा संघ ढकलत असेल तर हे जाणवतं. शिवाय चारही चाकं जमिनीवर सारखी टेकलेली हवीत. चेसिस थोडी पिळलेली असली तरी एक चाक अर्धवट अधांतरी राहतं आणि आडवं जाताना रोबो तिरका वळत जातो. प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी घालून ओढा. जिथे ती सहज निघते तिथे वजन नाही. आणि रोबो वरून पाहिल्यावर वरच्या बाजूच्या रोलरच्या रेषा मध्याकडे जाऊन फुली बनवताना दिसायला हव्यात. उलट, त्या चौकटच्या पत्त्यासारख्या दिसत असतील तर चाकांची अदलाबदल झालीय. तसा रोबो पुढे जातो, आडवाही जातो, पण जागच्या जागी फिरायला नकार देतो. या एका चुकीवर मी मुलांना अख्खी संध्याकाळ प्रोग्राम तपासताना पाहिलंय.

स्वर्व्ह ड्राइव्हमध्ये प्रत्येक चाकाला फिरवणारी एक आणि दिशा बदलणारी एक, अशा दोन मोटर असतात. एकूण आठ. पकडही पूर्ण, दिशाही हवी ती. पण एका मॉड्यूलचा (चाक आणि त्याच्या दोन मोटर यांच्या संचाचा) दिशा सांगणारा एन्कोडर सरकला तर ते एक चाक बाकी तिघांशी भांडत राहतं. ज्या संघाकडे दोन हंगाम सोबत राहणारे प्रोग्रामर आहेत, सुटं मॉड्यूल आहे आणि हंगामाबाहेर सराव करायला वेळ आहे, त्याने जरूर करावा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या संघाने मुळीच करू नये.

मधे आडवं ओम्नी चाक असलेला पाच चाकांचा ड्राइव्हही मुलांना आवडतो. ते मधलं चाक जमिनीवर नेमकं किती दाबलं जातंय यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते जुळवणं कटकटीचं आहे. मी तो सुचवत नाही.

नव्या संघाला माझं उत्तर ठरलेलं आहे: टँक ड्राइव्ह, चार चाकं, एका टोकाला ओम्नी, शाफ्टला दोन्ही बाजूंनी आधार, आणि हिशेबाने ठरवलेलं मंद गुणोत्तर. खेळात एखाद्या ठिकाणी बारीक आडवं सरकून जुळवावं लागत असेल, तरच मेकॅनमचा विचार. त्या वेळीही आधी विचारा की तेच काम रोबोचा हात बाजूला सरकवून होईल का.

ठरवण्याआधी एक गोष्ट घड्याळ लावून करा. दोन मुलांना ड्राइव्हची एक मोटर काढून दुसरी बसवायला सांगा. एका हंगामात आमची मोटर पकडीच्या यंत्रणेखाली दडलेली होती. ती बदलायला चाळीस मिनिटं लागली आणि पुढचा सामना आम्ही दोन चाकांवर खेळलो. तेव्हापासून मोटर दहा मिनिटांत निघाली नाही तर चेसिसचा आराखडा बदलतो, मग तो कितीही देखणा असो.

बसवल्यावरची तपासणी

पूर्ण वजनाचा रोबो, भरलेली बॅटरी, स्पर्धेचा मॅट. अडीच मिनिटं सामन्यासारखा चालवा: धावा, वळा, ढकला. पाच मिनिटं थांबा. असं पाच वेळा. दर फेरीनंतर चारही मोटरचं तापमान आणि जोर लावताना बॅटरीचं किमान व्होल्टेज वहीत लिहा. लेझर थर्मामीटर नसेल तर हात मोटरजवळ नेऊन आधी अंदाज घ्या, मगच टेकवा.

चारही मोटर सारख्याच तापल्या तर गुणोत्तर किंवा वळतानाचं घासणं. एका बाजूच्या दोन्ही तापल्या तर त्या बाजूची साखळी, बेल्ट किंवा चेसिसचा पीळ. एकच तापली तर तिचं बेअरिंग, शाफ्ट, किंवा तिच्यावर जास्त पडलेलं वजन; ती मोटर शेजारच्या जागी लावून पुन्हा चालवा. उष्णता मोटरबरोबर गेली तर मोटर खराब, जुन्या जागीच राहिली तर दोष त्या जागेचा.